काच वाजवण्याची चार मिनिटं

टेंडरच्या निकालाचा कागद आला त्या सकाळपासून वहिनींचं बूड खुर्चीला टिकेना. एरवी वायरलेसपुढच्या त्या खुर्चीत बसल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या हलत नसत. खुर्चीच्या गादीला त्यांच्या आकाराचा खळगा पडला होता, आणि दुसरं कुणी बसलं तर एका अंगाला कलंडायचं. पण त्या दिवशी त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या, एका पेन्सिलीला टोक केलं, टोक असलेल्या दुसऱ्या पेन्सिलीलाही पुन्हा टोक केलं, आणि परत खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीखाली यार्ड होतं. शहरात जिथे उभी करू नये तिथे कुणी गाडी उभी केली की ती उचलून इथे आणून ठेवायची. अडतीस वर्षं हे काम याच घराकडे होतं. वहिनींच्या नवऱ्याने ते हाताने फिरवायच्या एका क्रेनवर सुरू केलं. तेव्हा वायरलेस सूटकेसएवढा होता आणि उन्हाळ्यात त्याच्यावर पापड भाजता आला असता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आता धंदा धाकटा दीर सांभाळायचा, आणि वायरलेस वहिनी. त्या खरं तर एकट्या दिराच्या वहिनी, पण यार्डातली चौदा माणसंही त्यांना वहिनीच म्हणत. महापालिकेतला कारकून म्हणे, आणि गाडी नेली म्हणून तावातावाने भांडायला आलेला माणूसही पावती घेऊन जाताना "येतो वहिनी" म्हणून जाई.

कागदावर दोनच नावं होती. यांच्या यार्डाचं दुसरं.

"सात मिनिटं!" भाऊजी, म्हणजे दीर, तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून ते कागद हातभर लांब धरून वाचत होते. चष्मा कपाळावर होता. "गाडी हटवण्यास लागणारा सरासरी वेळ, त्यांचा तीन मिनिटं, आपला सात! ही सात कुणी लिहिली?"

"मी लिहिली," त्यांची मुलगी म्हणाली. टेंडरचे सगळे कागद तिनेच भरले होते. सव्वीस वर्षांची, हुशार, आणि खोटं बोलायची अजिबात सवय नसलेली. "रजिस्टरवरून काढली. सहा महिन्यांच्या सगळ्या गाड्या मोजल्या."

"अगं बाई, सगळं जग हुक लावल्यापासून मोजतं!"

"फॉर्मवर लिहिलं होतं, जागेवर पोहोचल्यापासून."

"फॉर्मवर काय, काहीही लिहितात."

"मग आपणही काहीही लिहायचं होतं का? मला आधी सांगायचं होतं बाबा, मी लिहिलं असतं दीड मिनिट."

भाऊजींनी कागद टेबलावर टाकला. मुलीच्या बोलण्यात खोट काढता येईना तेव्हा ते नेहमी पंख्याकडे बघत, तसे बघू लागले.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "वहिनी, बारा नंबर. पोहोचलो." यार्डात क्रेन चारच होत्या, पण एक कुठून तरी जुनी विकत घेतली होती, तिच्या दारावर बारा रंगवलेलं होतं, आणि तिचा ड्रायव्हर गेली वीस वर्षं बारा नंबर या नावानेच ओळखला जात होता. "बँकेचा कोपरा. पांढरी गाडी. मालक गायब, गाडी अशी लावलीय जशी काही बँक त्याच्याच सासऱ्याची."

वहिनींनी कानावरची पेन्सिल काढून वेळ लिहिली. पुतणी हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली, मुद्दामच. एक मिनिट गेलं. दोन गेली. वहिनींचा पाय टेबलाखाली हलत होता. चौथं मिनिट संपता संपता पुन्हा खरखर आली.

"चारही काचा वाजवल्या. हात लावून आत बघितलं. मागे छत्री आणि भाजीची पिशवी. डिकी वाजवली. थांबलो. परत वाजवली. गाडी रिकामी."

"उचला," वहिनी म्हणाल्या, आणि दुसरी वेळ लिहिली.

"हीच ती चार मिनिटं," पुतणी म्हणाली. "काकू, मी लहानपणापासून हे ऐकत आलेय. काचा वाजवा, थांबा, परत वाजवा. आपली माणसंसुद्धा तीन मिनिटांतच गाडी उचलतात. बाकीची चार ती उभ्या गाडीला टकटक करत बसतात. का?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

"ते माहितीये. पण का?"

या नियमाबद्दल यार्डात निरनिराळी मतं होती. कुणी म्हणे, आतली वस्तू चोरीला गेली असं मालकाने म्हणू नये म्हणून. कुणी म्हणे, वहिनींना मांजरांची काळजी. बारा नंबरचं मत असं की मोठ्या घरच्या बायकांना काहीतरी एक खूळ असावंच लागतं, आणि हे त्यातल्या त्यात स्वस्तातलं. पण कुणी नियम मोडत नसे. "गाडी रिकामी" हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय वहिनी "उचला" म्हणत नसत, आणि वहिनी "उचला" म्हणाल्याशिवाय या यार्डाचा हुक कुठल्याच गाडीला लागत नसे.

"मी हरकत नोंदवलीय," पुतणी म्हणाली. "गुरुवारी सुनावणी. त्यांनी एकच गोष्ट विचारलीय, ही चार मिनिटं कशाला लागतात याचं सबळ कारण द्या. कारण पटलं तर ती मिनिटं वजा करतील, मग आपणही तीनवर, आणि अनुभवाच्या गुणांनी आपण वर. नाही पटलं तर संपलं. यार्डाची जागा पण महापालिकेचीच आहे. महिन्याभरात रिकामी करून द्यावी लागेल." तिने निकालाचा कागद उचलून त्याची घडी केली. "चौदा माणसं आहेत, काकू. मी काय कारण सांगू?"

वहिनींनी भाऊजींकडे बघितलं नाही आणि भाऊजींनी वहिनींकडे. हे न बघणं दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पुतणीच्या ते लक्षातही आलं नाही.

"मी येते गुरुवारी," वहिनी म्हणाल्या, आणि उठून पुन्हा खिडकीशी गेल्या.

*

त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली होती.

तेव्हा भाऊजी चोवीस वर्षांचे, नुकते एकटे क्रेनवर जाऊ लागलेले, आणि अंगात वारं शिरलेलं. मालकाचा चहा संपायच्या आत त्याची गाडी यार्डात, अशी त्यांची बढाई होती, आणि ती खोटी नव्हती. यार्डातली माणसं त्यांना विमान म्हणत. वहिनींचा नवरा त्या दिवशी क्रेनचा सुटा भाग आणायला परगावी गेला होता. भर उन्हाळा. दुपारी पावणेएकला भाऊजींनी बाजाराच्या गल्लीतून एक राखाडी गाडी आणली, मागच्या काचांना आतून कापडी पडदे लावलेली. शेवटच्या रांगेत उन्हात सोडली आणि पुढच्या गाडीला पळाले. घाईत नंबर सांगायचाही राहिला. रजिस्टरात नंबराचा रकाना कोरा बघून वहिनींना चैन पडेना. सव्वा तासाने हातातलं काम संपलं तशी त्या पेन्सिल घेऊन स्वतःच खाली गेल्या.

नंबर राहिला बाजूला. पडदा एका कोपऱ्यात सुटला होता, आणि काचेवर आतून इवल्या इवल्या बोटांचे ओले ठसे होते.

काच फोडायला त्यांनी काय उचललं, कुणाला हाक मारली, यातलं त्यांना नंतर काही आठवलं नाही. आठवायचं ते एवढंच की यार्डाच्या नळाखाली त्या कपड्यांसकट बसल्या होत्या आणि मांडीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा होता, लालबुंद, केस डोक्याला चिकटलेले. तो रडत नव्हता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्या त्याच्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडत होत्या आणि काहीबाही बोलत होत्या. बऱ्याच वेळाने त्याने त्यांचा अंगठा मुठीत धरला आणि सोडेना. भाऊजी तोवर परत आले होते. ते भिंतीशी उकिडवे बसून ओकत होते.

मग आई आली. अनवाणी. औषधाच्या दुकानात रांग होती. मुलाला ताप होता, त्याचा नुकता डोळा लागला होता, दोनच मिनिटं म्हणून ती उतरली होती. दुकानातून बाहेर आली तर गाडी नाही. अर्धं शहर धावून तिला यार्डाचा पत्ता लागला होता. तिने मुलाला उचललं, उराशी धरलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते शिवीचं नव्हतं, शापाचं नव्हतं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडते. कोर्टात आमचं चाललंय. त्याच्या वडिलांना कळलं तर हा माझ्याकडून जाईल."

वहिनी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. मूल उन्हात खेळलं, असं दोघींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी द्या, उद्यापर्यंत उड्या मारेल. दवाखान्याच्या पायरीवर वहिनींनी त्या बाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडून हे बाहेर पडणार नाही." नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही. उभ्या संसारात त्याच्यापासून लपवलेली ती एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वायरलेसवरून नियम सांगितला. झोपलेलं मूल एका टकटकीने उठत नाही, म्हणून थांबायचं आणि परत वाजवायचं. कारण सांगितलं नाही. भाऊजी त्यानंतर कधी क्रेनवर बसले नाहीत. कागदपत्रं बघतो म्हणाले. यार्डातल्यांना वाटलं, लग्न ठरतंय म्हणून शहाणा झाला. दीर-भावजयीत त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललं गेलं नाही. वहिनींना कधी वाटे, हा विसरला. आणि हा विसरू शकतो या विचाराने त्यांना उगाचच त्याचा राग येई, आणि मग त्या त्याच्या ताटात एक पोळी कमी वाढत.

*

बुधवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून त्या बाहेर पडल्या आणि बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

बटणं, झिपा, अस्तराचं कापड, लेस यांचं ते दुकान त्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत पाच-सहा वेळा त्या रस्त्याच्या पलीकडून बघून आल्या होत्या, मुलगा कसा आहे ते. आत मात्र कधी गेल्या नव्हत्या. या वेळी त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. बाई, एकच गोष्ट मागते. नाव नाही घेणार. चौदा माणसांचा प्रश्न आहे.

बाई गल्ल्याशी होती, चष्मा लावलेली, केस पांढरे. लेस मोजून कापत होती. तिने वर बघितलं आणि कात्री अर्ध्यावर थांबली. एकतीस वर्षांत दोघींनी एकमेकींना समोरासमोर बघितलं नव्हतं, तरी तिने क्षणात ओळखलं.

"काय हवंय तुम्हाला?" तिने विचारलं. आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचाच होता, पण बारीक झाला होता.

आतून एक उंच, टक्कल पडू लागलेला माणूस खोके घेऊन आला. "आई, पांढरी झिप संपली म्हणून कालपासून बोंबलतोयस तू, असं तूच मला म्हणालीस ना? ही घे, चार डझन. आता बोंबलायची पाळी तुझी." त्याने वहिनींकडे बघून हसून मान हलवली. "मावशी, बसा ना, उभ्या का? आईचं मोजणं म्हणजे गोगलगाय. तुम्हाला काय हवंय, मी देतो."

वहिनींची नजर त्याच्या हातांवर गेली. मोठे, खरबरीत हात. एका अंगठ्याच्या नखाला निळा डाग.

"इलॅस्टिक," त्या म्हणाल्या. "दोन मीटर."

"बारीक की रुंद?"

"कसलंही चालेल."

"कसलंही चालेल म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक आलं बघ आई," तो म्हणाला. "यांना चहा पाज."

"त्यांना घाई असेल," आई म्हणाली. तिने पुडी बांधली, गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली. पुडी देताना तिची बोटं वहिनींच्या बोटांवर किंचित जास्त टेकून राहिली. डोळ्यांत विनवणी होती, तीच. मुलगा चौतीस वर्षांचा घोडा झाला होता, कोर्टकचेरी कधीच संपली होती. पण तिच्या लेखी ती दुपार अजून संपली नव्हती. आपण त्याला गाडीत कोंडून गेलो होतो, हे तिने मुलाला कधी सांगितलंच नव्हतं.

"येते," वहिनी म्हणाल्या.

घरी भाऊजींनी विचारलं, "दात काय म्हणाला?"

"राहू दे म्हणाला. हलतोय, पण राहू दे."

*

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यापलीकडे तीन अधिकारी. मधल्या बाई अध्यक्ष, सर्दीने बेजार, समोर रुमालांचा ढीग. एका बाजूला नव्या कंपनीचा माणूस, तिशीतला, निळा टाय, अतिशय नम्र. तो इतका नम्र होता की वहिनींना त्याला फटकवावंसं वाटलं. दुसऱ्या बाजूला पुतणी, वहिनी, आणि मांडीवर एक कापडी पिशवी धरून भाऊजी. पिशवीत काय आहे ते त्यांनी रिक्षात सांगितलं नव्हतं.

वहिनींचे पाय टेबलाखाली स्वस्थ नव्हते. पुतणीने एकदा हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चार मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कोण सांगतंय?"

वहिनी उभ्या राहिल्या आणि सांगितलं. चारही काचा, आत बघणं, डिकी, थांबणं, पुन्हा वाजवणं. आत कुणी आहे का ते बघायला.

निळा टाय हसला. "माफ करा हं मावशी. पण ती गाडी आहे, घर नाही. दार वाजवून, 'आहेत का घरात?' असं विचारायचं?" दोन अधिकारी हसले. "आमच्याकडे कॅमेरा आहे. फोटो निघतो, गाडी हलते. मागे ट्रॅफिक खोळंबलेलं असतं."

"कॅमेरा सीटच्या खाली वाकतो का?" वहिनींनी विचारलं.

"कुणी सापडलंय का कधी?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सापडलेत की. एक ऐकू न येणारी म्हातारी होती, मुलगा बँकेत गेला होता. दोन कुत्री. एक दारू पिऊन झोपलेला वकील, त्याने आमच्यावरच केस करीन म्हटलं. आणखीही आहेत."

"नोंदी दाखवा."

पुतणीने मान खाली घातली. ती कालच सगळी रजिस्टरं चाळून बसली होती. यार्डाच्या रजिस्टरात उचललेल्या गाडीची नोंद व्हायची. आत माणूस सापडला तर गाडी उचलली जात नसे. आणि न उचललेल्या गाडीची नोंद कशाला? अडतीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जे जे वाचलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"नोंद नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग मी काय लिहू?" अध्यक्षबाईंनी नाक पुसलं. त्यांचा सूर वाईट नव्हता. "तुमचा नियम चांगला असेल. पण तो का केला, याला काही आधार? एखादी घटना? काहीतरी झालं असेल ना, म्हणून तुम्ही सुरू केलं?"

खोलीत पंखा फिरत होता. वहिनींना पुडीवरची दुसरी गाठ दिसली. चौदा माणसं दिसली, बारा नंबर दिसला, गादीतला खळगा दिसला.

"नाही," त्या म्हणाल्या. "असंच."

"असंच," निळा टाय हलकेच म्हणाला आणि काहीतरी टिपून घेतलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊजी उभे राहिले होते. पिशवीतून त्यांनी एक जुनं रजिस्टर काढलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, आणि अध्यक्षबाईंपुढे उघडून ठेवलं. पान शोधावं लागलं नाही. तिथे खूण घातलेली होती, आणि ती कालची नव्हती. कागद पिवळा पडून पानाला चिकटला होता.

"इथे बघा. पावणेएक, गाडी आत. दोन वाजता शेरा आहे, काच फुटली. वहिनींच्या अक्षरात. ती काच वहिनींनी फोडली. आत लहान मूल होतं. गाडी मी आणली होती. मागे बघितलं नव्हतं." त्यांचा आवाज कापत नव्हता, पण प्रत्येक वाक्यानंतर ते नव्याने श्वास घेत होते. "मला घाई असायची. सव्वा तास ते उन्हात होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर आज मी इथे नसतो, आणि असायला नकोच होतो. नियम तेव्हापासून आहे. वहिनींनी केला. कारण सांगितलं नाही, माझी लाज राखायला."

पुतणी बापाकडे बघतच राहिली.

"पोलिसांत कळवलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"मुलाचे आईवडील?"

"आठवत नाही."

"गाडीचा नंबर?" त्या पानावर वाकल्या. "इथे रकाना कोरा आहे."

"लिहायचा राहिला," भाऊजी म्हणाले. "तेवढा एकच."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. केस विरळ झाले होते, चष्मा कपाळावर होता, आणि हनुवटी त्या दिवशी भिंतीशी होती तशीच थरथरत होती.

जिना उतरताना पुतणी पुढे गेली, डोळे पुसत. मधल्या मजल्यावर वहिनी थांबल्या.

"नंबर तुम्हाला पाठ आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हालाही," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे तिने पाया पडून मागितलं ते तुम्हाला…"

"भिंतीशीच बसलो होतो ना वहिनी. ओकत होतो, बहिरा नव्हतो झालो."

मग दोघं उरलेल्या पायऱ्या उतरली. खाली आल्यावर भाऊजी रिक्षा शोधू लागले, आणि वहिनी उगाचच त्यांच्यावर ओरडल्या, "अहो, चष्मा खाली घ्या तो, रिक्षा समोर उभी आहे!"

*

आठ दिवसांनी उत्तर आलं. हरकत फेटाळली होती. न कळवलेल्या घटनेच्या आधारावर गुण वाढवता येत नाहीत, असं तीन ओळींत लिहिलं होतं. भाऊजींना वेगळं पत्र होतं, लेखी खुलासा करा म्हणून. त्यांनी तो त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून दिला. काम नव्या कंपनीला गेलं. पण करारात एक कलम वाढलं होतं, एकोणिसावं. गाडी हलवण्यापूर्वी सर्व काचा व डिकी वाजवून, आत पाहून, पुरेसं थांबून, पुन्हा वाजवून खात्री करावी. हा वेळ कामाच्या वेळेत धरू नये.

"तुझीच वाक्यं उचललीत, काकू," पुतणी म्हणाली. "फक्त 'व' आणि 'करावी' घातलंय."

यार्ड रिकामं झालं. नऊ माणसांना नव्या कंपनीने घेतलं, त्यात बारा नंबर होता. तिथे त्याला चौतीस नंबरची क्रेन मिळाली आणि ते त्याच्या मनाला फार लागलं. भाऊजी आणि पुतणीने बंद पडलेल्या गाड्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायचं छोटं काम सुरू केलं, दोन क्रेनवर. त्याला वायरलेस लागत नव्हता, मोबाइल पुरे होता. खुर्ची वहिनींनी घरी आणली आणि रस्त्याकडच्या खिडकीशी ठेवली. बसत मात्र नव्हत्या. घरात त्या दिवसभर या खोलीतून त्या खोलीत चालत. मुलगा नोकरीवर गेलेला असे; घरी असलेली सून म्हणाली, "आई, तुमच्या चालण्याने फरशी झिजेल." त्या म्हणाल्या, "झिजू दे, मग नवी घाला."

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, खाली क्रेन थांबल्याचा आवाज आला. हा आवाज त्यांना झोपेतही कळला असता. त्या खिडकीशी गेल्या.

नवी कोरी निळी क्रेन. समोरच्या दुकानापुढे एक गाडी आडवी लावलेली, मागच्या काचांना काळी जाळी. ड्रायव्हर उतरला. पुढच्या काचेवर बोटातल्या अंगठीने दोनदा टिकटिक केलं, आत एक नजर टाकली, आणि हुक ओढायला वळला.

वहिनींना जिना कधी उतरला ते कळलं नाही. पायात एक सपात त्यांची आणि एक सुनेची होती.

"थांब!"

ड्रायव्हरने वळून बघितलं. "गाडी तुमची का, आजी?"

"नाही."

"मग?"

"मागची वाजवली नाहीस."

"वाजवली की. आत्ताच वाजवली."

"पुढची वाजवलीस. दोनदा. अंगठीने. मी वरून बघत होते. मागची वाजव, दोन्ही बाजूंची. मग डिकी."

"आजी, तुम्ही कोण? कंपनीच्या साहेब?"

"कलम एकोणीस," वहिनी म्हणाल्या.

त्याने सुस्कारा सोडला, इकडेतिकडे बघितलं. दुकानदार बाहेर येऊन उभा होता, दोन बायका थांबल्या होत्या, मागे एक रिक्षावाला हॉर्न दाबत होता. म्हातारीशी भररस्त्यात वाद घालून आपलंच हसं होईल, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने मागची उजवी काच वाजवली, मग डावी. डिकीवर थाप मारली.

"झालं?"

"थांब आता."

"किती?"

"मी सांगेन."

उन्हात दोघं गाडीशी उभी राहिली. रिक्षावाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तशी वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याचा हात हॉर्नवरून खाली आला. त्या काचेला कपाळ टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा करून, जाळीतून आत बघत होत्या. सीटवर काही नव्हतं. सीटच्या खाली काही नव्हतं. एक पाण्याची बाटली, एक कंगवा. त्या तरीही बघत राहिल्या.

"आजी?"

"परत वाजव."

त्याने परत वाजवली, या वेळी बोटांच्या पेरांनी, नीट. आतून काही आलं नाही.

"बोल आता."

"काय बोलू?"

"जे दिसलं ते."

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. मग वाकून, पहिल्यांदाच, त्यांच्याइतकाच काचेला चिकटून आत बघितलं.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "गाडी रिकामी आहे, आजी."

"उचला," वहिनी म्हणाल्या, आणि वेळ लिहायला सवयीने कानावरची पेन्सिल चाचपू लागल्या.